पत्रा सडलाय, नुसता रंग मारून भागेल का? (मारुती ८००, रत्नागिरी)

चिरेखाण
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय.
बाबांची मारुती ८०० आहे, २००६ ची, पांढरी. इंजिन ठणठणीत, निवळी घाट अजून विनातक्रार चढते. पण घर मांडवीच्या बाजूला, खारा वारा चोवीस तास, आणि गाडी उभी असते आंब्याखाली. आता दरवाज्यांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत, मागच्या चाकाच्या कमानीवरून तपकिरी ओघळ उतरलाय, आणि परवा ड्रायव्हरच्या बाजूच्या, दरवाज्याखालच्या रनिंग बोर्डला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. पायाखालचं कार्पेट पावसाळ्यात ओलं असायचं ते दिवाळी झाली तरी पूर्ण वाळलेलं नाही.
दोन ठिकाणी दाखवली. एक पेंटर म्हणतो घासून पुट्टी भरू, फुल बॉडी रंग मारू, तीस हजारात आठवडाभरात नव्यासारखी करून देतो. दुसरा डेंटर म्हणतो आधी सीटा, कार्पेट सगळं उपसणार, सडका पत्रा कापणार, मग आकडा सांगणार, पण रंग धरून पन्नास-साठच्या खाली येणार नाही. पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण पण आलंय. घरात विकून टाका असं बहुमत आहे, बाबा आणि मी विरोधात. बाबा बहात्तर वर्षांचे, दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसून त्यांना मागचं-पुढचं नीट दिसत नाही, हिची काच मोठी आणि बॉनेट छोटं, त्यामुळे बाजारात अजून स्वतः जातात. म्हणून ठेवायची आहे. पण पैसे कुठे घालायचे, रंगात की पत्र्यात?

कोल्हापुरी_रस्सा
पुट्टीवाल्याच्या नादाला लागू नको भावा. दिवाळीत रंग मारशील आणि गणपतीत परत फोड मोजत बसशील.

भातशेती
वाचतोय. आमच्या वॅगनआरला पण दरवाज्याखाली सुरुवात झालीय.

पाणीपेपर
मी रंगकामातच उभं आयुष्य काढलं, पिंपरी-चिंचवडला, आता मुलगा बघतो. म्हणून थोडं लांबण लावतो.

फोड बाहेरून दिसतोय म्हणजे गंज बाहेरून लागलाय असं नसतं. रनिंग बोर्ड हा आतून पोकळ डबा असतो, दरवाजा पण खालून पोकळच. काचेच्या रबरातून पाणी दरवाज्यात उतरतं, खालच्या भोकांतून निघून जायचं असतं, ती भोकं मातीने बुजली की पाणी तिथेच बसतं. पत्रा आतून खात खात बाहेर येतो आणि रंगाला धक्का देतो तेव्हा आपल्याला फोड दिसतो. तोवर आत चाळण झालेली असते. वरून घासून तुम्ही कितीही सुंदर रंग मारा, आतली बाजू तशीच चालू.

आता पुट्टीचं. पुट्टी वाईट नाही, पण ती असते टोचे आणि खड्डे सपाट करायला, पातळ थरात. तिच्यात टाल्क असतं आणि ती पाणी पिते. उघड्या गंजक्या पत्र्यावर पुट्टी भरली, त्यावर पाणीपेपरने ओलं घासलं आणि संध्याकाळी प्रायमर मारला की ते पाणी आत कोंडलं गेलं. भोकावर जाळी किंवा फायबर चिकटवून वर पुट्टी लावणारे पण आहेत, दिसायला सपाट, ताकद शून्य. ८०० ला वेगळी चॅसी नाही हो, बॉडी हीच चॅसी. रनिंग बोर्ड आणि फ्लोअर हे तिचं हाड आहे.

क्रम असा पाहिजे: सडका भाग चांगला चकाकता पत्रा लागेपर्यंत कापायचा, नवीन पत्रा वेल्ड करायचा, वेल्ड ग्राइंड करून साफ, मग इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीलर, मग हवी तेवढी पुट्टी, मग सरफेसर, मग रंग. आणि सगळं झाल्यावर पोकळ भागात आतून मेणाचा स्प्रे. नुसत्या रेड ऑक्साइडवर भागवू देऊ नका, तो सच्छिद्र असतो, ओल सोडतो आत.

कोल्हापुरी_रस्सा
पाणीपेपर काका, +१००. आयडी शोभतो.

रसायनी
काकांच्या प्रतिसादाला रसायनाची जोड देतो. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढ्यावर गंज चढतोच, मिठाने तो कितीतरी वेगात चढतो कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि क्लोराइड गंजाच्या थरात खोल जाऊन बसतं. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीला नुसतं घासून पुरत नाही, त्या भागाला गोड्या पाण्याने भरपूर धुऊन पूर्ण सुकवावं लागतं. मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि प्रायमरखाली खेळ परत सुरू.

रस्ट कन्व्हर्टर म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. फॉस्फरिकने गंजाचं लोहाचं फॉस्फेट होतं, टॅनिकने काळा थर येतो. वरवरच्या गंजाला उत्तम. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतून उपयोग नाही, ते तळापर्यंत पोचत नाही. आणि त्याचं आम्ल तसंच ठेवून वर इपॉक्सी मारलं तर इपॉक्सी नीट धरत नाही, डब्यावर काय सांगितलंय ते बघून धुवा किंवा पुसा.

आंबेमोहर
आमच्या आजीने पितळेसारखी चिंच लावून बघा असं सुचवलंय 😄

रसायनी
आजींचं शास्त्र बरोबर आहे ताई, चिंचेतलं टार्टरिक आम्ल गंज सोडवतं. पण धुतल्यावर उघडा पत्रा तासाभरात परत तांबूस होतो, त्यामुळे लगेच प्रायमर हवा. स्पॅनर, बिजागऱ्या भिजवायला चिंच जरूर वापरा.

मालवणी_खाजा
गाडी पयली वर उचलून खालसून बघा, मगे रंगाचा बोला.

आंबेमोहर
मी अलिबागची, त्यामुळे हा विषय घरचाच. तीन गोष्टी आमच्याकडे गाड्या खातात. एक म्हणजे पाहुणे आले की वाळूवर गाडी घालणं, लाटेचं पाणी खाली उडतं आणि मग कोणी ती खालून धूत नाही. दुसरं, डिकीतून मासळी आणणं. टोपली बर्फात असते, बर्फ वितळतो, ते खारट पाणी डिकीच्या मॅटखाली जातं आणि स्टेपनीच्या खळग्यात साचतं. माझ्या दिरांच्या गाडीची डिकी वरून स्वच्छ होती, मॅट उचलली तर खालचा रस्ता दिसला. आता आम्ही मासळीसाठी झाकणाचा प्लास्टिक क्रेट ठेवलाय, आणि स्टेपनीच्या खळग्यातलं रबरी बूच काढून तिथून पाणी जाऊ देतो.
तिसरं म्हणजे पावसाळ्यात गाडीवर जाड कव्हर. लोकांना वाटतं गाडी जपतोय. ओली गाडी झाकली की आत वाफ धरते, आणि वाऱ्याने कव्हर घासून रंग पण जातो. शेड असेल तर उत्तम, नसेल तर उघडी बरी.

सासष्टीकर
मडगावहून. आमच्याकडे जुनी माणसं मे महिन्यात गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासतात. गॅरेजमध्ये फुकट मिळतं, ब्रशने मारायचं, त्यावर धूळ बसून आपोआप कोटिंग होतं. वडिलांची पद्मिनी अशीच टिकली. हजारो रुपयांचं कोटिंग कशाला?

आंबेमोहर
सासष्टीकर, इथे मात्र असहमत. ते ऑइल पहिल्या पावसात थेंब थेंब अंगणात गळतं आणि आपल्याकडे अंगणात विहीर असते हो. रबरी बुश आणि ब्रेकच्या नळ्यांना पण ते चांगलं नाही.

सासष्टीकर
विहिरीचा मुद्दा मान्य. पण बाजारातलं काळं डांबरासारखं कोटिंग मारून तरी काय होतं? मित्राच्या गाडीला मारलं होतं, दोन पावसाळ्यांनी त्याचा पापुद्रा हाताने सुटला आणि त्याच्याबरोबर पत्र्याचा भुगा खाली.

पाणीपेपर
दोघांचंही खरं आहे. काळं रबराइज्ड कोटिंग नवीन कोऱ्या गाडीला ठीक. गंजावर मारलं की ते झाकण होतं, त्याच्या आणि पत्र्याच्या मधे पाणी शिरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली की हे कोटिंग गळ्यात मारायला बघतात, खाली साफ केलंय का हे कोणी दाखवत नाही. जुन्या गाडीला मेणाचं किंवा लॅनोलिनचं मऊ कोटिंग घ्या, ते सुकून तडकत नाही, सांध्यात झिरपतं, आणि दरवर्षी पावसाआधी परत मारता येतं.

बर्फाळ
मी बॉस्टनजवळ राहतो. इथे समुद्राची गरज नाही, सरकारच रस्त्यावर मीठ टाकतं, बर्फ वितळावा म्हणून. पूर्ण हिवाळा गाडी मिठाच्या चिखलात. लॅनोलिनच्या कोटिंगला माझंही मत, मेंढीच्या लोकरीतलं मेण आहे ते, वास जरा येतो पण टिकतं. दरवर्षी थंडीआधी मारून घेतो. आणि हिवाळ्यात जरा ऊन पडलं की खालून पाणी मारणारं कारवॉश. वार्षिक तपासणीत फ्लोअरला भोक सापडलं तर गाडी नापास करतात, कारण सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो. चिरेखाण, तुमच्या फ्लोअरला भोक असेल तर हे लक्षात घ्या, काचा बंद करून बाबा गाडी चालवतात.

लीड्सकर
इंग्लंडमध्ये एमओटी (गाडीची वार्षिक फिटनेस) तपासणीत नियमच आहे, सस्पेन्शन किंवा सीटबेल्टच्या बोल्टपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल तर नापास. आणि दुरुस्ती म्हणून पुट्टी किंवा फायबर चालत नाही, पत्राच वेल्ड पाहिजे. तुमच्याकडे कोणी मोजणार नाही, पण ते ३० सेंटिमीटर तुम्ही स्वतः टेप घेऊन तपासा. रंगाला फोड कुठे आलेत यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

वऱ्हाडी_वारा
आमच्या नागपुरात गंज नाही, ऊन आहे. छत आणि बॉनेटची क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पापडासारखी सुटते, खालचा पत्रा मात्र टणक. गाडीला निवृत्तीनंतर इकडे पाठवा बाप्पा, दीर्घायुषी होईल.
गंमत सोडा, एक कामाचं सांगतो. ८०० चे दरवाजे आणि डिकीचं झाकण हे बोल्टने उतरतात. सडका दरवाजा सांधत बसण्यापेक्षा कोरड्या भागातल्या भंगारवाल्याकडून चांगला दरवाजा घ्या. घेताना खालची कडा बोटाने आतून चाचपायची आणि लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवायचा. चुंबक ढिला पडला म्हणजे खाली पुट्टी.

पाणीपेपर
वऱ्हाडी भाऊ, दरवाज्याची कल्पना एक नंबर. मजुरी वाचते.

होमवर्कशॉप
एवढे पैसे कशाला घालवता, कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो, स्प्रे गन स्वस्त आहे, व्हिडिओ बघून घरी करा. मी बाइकची टाकी पार्किंगमध्ये मारली, मस्त आली.

रसायनी
होमवर्कशॉप, कळकळीने सांगतो, हे हलक्यात घेऊ नका. टू-के पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास अडकतो. कापडी मास्क किंवा रुमालाचा काही उपयोग नाही. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालतात, निदान घालायला हवा. तुमच्या पार्किंगच्या वर लोक राहतात, लहान मुलं असतील. घासकाम, प्रायमरची तयारी, खिडकीची रबरं काढणं हे जरूर घरी करा, टू-के फवारणी करू नका.

पाणीपेपर
रसायनींना अनुमोदन. माझ्याबरोबरची किती पोरं उघड्या तोंडाने रंग मारायची. आता दोन जिने चढताना थांबतात ती. मुलाच्या बूथमध्ये मास्कशिवाय कोणाला गन धरू देत नाही मी.

होमवर्कशॉप
हे माहीतच नव्हतं राव. हार्डनर तसाच पडलाय, परत वापरणार नाही.

नियमावली
कागदोपत्री बाजू सांगतो.
१५ वर्षांनंतर नूतनीकरण दर ५ वर्षांनी. तुमची गाडी २००६ ची म्हणजे २०२१ ला एकदा झालंय, आता २०२६ ला. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारची फी ५ हजारांवरून १० हजार केली आहे, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च हिशोबात धरा.
रंग बदलायचा मोह होईल. आरसीवर रंग लिहिलेला असतो, पांढऱ्याची लाल केलीत तर आरटीओत नोंद बदलावी लागते. आहे तोच रंग परत मारायला काही लागत नाही. चॅसी नंबर कोरलाय तो भाग घासू, कापू देऊ नका आणि पुट्टीखाली जाऊ देऊ नका, तपासणीला तोच बघतात. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटीचं लॉक एकदा काढलं की परत बसत नाही, पेंटरला पाटी तशीच ठेवून झाकायला सांगा.

ठाणेपश्चिम
सगळ्यांचा आदर राखून, कोणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. गाडीची किंमत पन्नास हजार नाही आणि तुम्ही साठ घालायला निघालात, वर दहा हजार फी. एअरबॅग नाही, एबीएस नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाला सडक्या पत्र्याच्या गाडीत बसवण्यापेक्षा चांगली सेकंडहँड घ्या. ८०० चं उत्पादन २०१४ लाच बंद झालंय.

कोल्हापुरी_रस्सा
किंमत बाजाराला विचारायची का वापरणाऱ्याला? तीन लाखाची सेकंडहँड घेऊन त्यांना चालवताच आली नाही तर घरात बसतील काका.

आंबेमोहर
ठाणेपश्चिम यांचा सुरक्षेचा मुद्दा बरोबर वाटतो मला. पण त्यातूनच उत्तर निघतंय ना? गाडी ठेवायची तर आधी हाड मजबूत करायचं. रंगाचे पैसे पत्र्यात घाला. आणि पत्रा उघडल्यावर सीटबेल्टच्या बोल्टपर्यंत सडलेलं निघालं तर मात्र भावनेत अडकू नका.

चिरेखाण
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. मधल्या काळात बरंच केलं, ते सांगतो.
आधी पाणी कुठून येतं ते शोधलं. बाबा आत टॉर्च घेऊन बसले, मी बाहेरून पाइपने एकेका भागावर पाणी सोडत गेलो, खालून वर. दरवाज्यांतून काही नाही. वायपरखालच्या जाळीवर सोडलं आणि बाबांनी आतून हाक मारली, पायाशी धार. जाळी काढली तर खाली आंब्याच्या पानांचा आणि मोहराचा कुजून झालेला काळा थर, पाणी बाहेर जायची वाट पूर्ण बंद. म्हणजे गाडी आंब्याखाली उभी राहून आतून सडत होती, खारा वारा नंतरचा.
मग त्या दुसऱ्या डेंटरकडे गाडी वर घेतली. ड्रायव्हरकडचा रनिंग बोर्ड पुढच्या बाजूला गेलाय, फ्लोअरला पेडलखाली तळहाताएवढं भोक, मागच्या कमानीला आतून चिरेमातीचा गोळा बसलेला, तो काढल्यावर तिथेही चाळण. लीड्सकरांनी सांगितलं तसं टेप लावून बघितलं, सीटबेल्टचे बोल्ट आणि मागचं सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग शाबूत आहे, हातोडीने ठोकला तर खणखणीत वाजतो. त्यामुळे ठेवायची असं ठरलं.
फुल बॉडी रंग रद्द. फ्लोअर, रनिंग बोर्ड, कमान कापून नवीन पत्रा, इपॉक्सी, सीलर, आत मेण. रंग फक्त खालच्या पट्ट्याला आणि दरवाज्यांना. पुढचे दोन दरवाजे वऱ्हाडी भाऊंच्या सांगण्याप्रमाणे सोलापूरकडून बघतोय, ओळखीतून. आता प्रश्न दोन. जुन्या पांढऱ्याला नवीन पांढरा जुळेल का? आणि डेंटर गॅस वेल्डिंग करतो, चालेल का?

पाणीपेपर
शाब्बास, पाण्याची वाट शोधलीत हे सगळ्यात मोठं काम झालं. ती सापडली नसती तर नवा पत्रापण गेला असता.

पांढरा: कोडप्रमाणे मिसळून आणलेला नवा पांढरा तुमच्या वीस वर्षं उन्हात राहिलेल्या पांढऱ्याशेजारी निळसर दिसेल. दुकानातल्या मिक्सिंगवाल्याकडे पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन जा, आधी ते पॉलिश करून, आणि त्याला डोळ्याने जुळवायला सांगा. उन्हात बघायचं, ट्यूबलाइटखाली नाही. सॉलिड पांढरा म्हणून जमेल, मेटॅलिक सिल्व्हर असती तर मी फुल साइडच मारा म्हटलं असतं. दरवाज्याच्या शिवणीवर रंग थांबवला की फरक डोळ्याला लागत नाही. आणि एक लक्षात ठेवा, कंपनीत पूर्ण बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवून विजेने प्रायमर चढवतात आणि भट्टीत भाजतात. गॅरेजचा रंग त्याची बरोबरी करत नाही, म्हणून जिथे कंपनीचा रंग चांगला आहे तो उगाच खरवडू देऊ नका.

वेल्डिंग: गॅसने पातळ पत्रा तापून वाकतो आणि आजूबाजूचा रंग लांबवर जळतो. मिग (तारेचं इलेक्ट्रिक वेल्डिंग) असेल तर बघा, आणि सलग ओढण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने टाके. पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) २० गेज. जीआयचा (जस्त चढवलेला) पत्रा वेल्ड करायचा असेल तर जस्ताचा धूर होतो, वेल्डरला त्याने ताप येतो, आधी कडेचं जस्त घासून काढायला सांगा. जुन्या पत्र्यावर नवीन नुसता ठेवून वेल्ड नको, दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं. सडका काढून कडेला कड लावून बसवायचा.

आणि हे सगळं फेब्रुवारीच्या आत उरका. कोकणात मे महिन्यात हवेत इतकी ओल असते की रंगावर पांढरट धुकं येतं.

बर्फाळ
वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा आणि इंजिनचा कॉम्प्युटर काढून ठेवा, २००६ ची म्हणजे एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) आहे. कार्पेट आणि खालचा फोम पूर्ण बाहेर. पेट्रोलच्या नळ्या फ्लोअरखालून जातात त्या कुठून जातात ते वेल्डरला आधी दाखवा, आणि अग्निशामक हाताशी असल्याशिवाय सुरू करू देऊ नका.

भातशेती
मी आज वॅगनआरच्या दरवाज्याखालची भोकं तारेने मोकळी केली. एका दरवाज्यातून तांब्याभर पाणी निघालं. फोड अजून नखाएवढाच आहे, तो घासून इपॉक्सी मारला तर थांबेल ना?

पाणीपेपर
नखाएवढा आहे तोवर थांबेल. आतल्या बाजूने पण बघा, दरवाज्याचं पॅड काढून. आत तपकिरी दिसलं तर तार-ब्रशने साफ करा, धुऊन दोन दिवस उन्हात सुकवा, मगच आतून मेण मारा. भोकं मेणाने बुजवू नका.

चिरेखाण
मिगवाला मिळाला, कुवारबावला. सोमवारी गाडी देतोय. बाबा म्हणतात कापाकापीच्या वेळी मी तिथे खुर्ची टाकून बसणार. फोटो टाकतो.